मॅटर जसं आलं तसं

आमच्या धंद्यात नियम एकच. मॅटर जसं आलं तसं.

गिऱ्हाईकाने कागदावर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' लिहून आणलं की 'आमचे'च ठेवायचं. खाली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणाऱ्या पोरांच्या नावांत एखाद्या श्रुतीची 'श्रृती' झालेली दिसली तरी बोट पुढे करायचं नाही. प्रूफ दाखवायचं, सही घ्यायची, छपाईला सोडायचं. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते जुन्या छापखान्यात खिळे जुळवायचे. ते म्हणायचे, "डोकं त्यांचं, बोटं आपली." साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या गल्लीतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात पत्रिका, श्रद्धांजलीचे फ्लेक्स, प्रतिज्ञापत्रं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल असं करत वीस वर्षं मी नुसत्या बोटांवर काढली.

२०२० च्या टाळेबंदीत लग्नंच थांबली. दुकानातला कॉम्प्युटर मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी घरी आणला. रात्री ती झोपली की मी त्याच्यासमोर बसायचो, सवयीने. एकदा काहीच सुचेना म्हणून आमच्या मूळ गावाचं नाव टाकलं. मराठी विकिपीडियाचं पान उघडलं. अमुक तालुक्यातलं, सातारा जिल्ह्यातलं एक गाव आहे, एवढं एक वाक्य. त्याखाली मथळे: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. मथळे सगळे जागच्या जागी आणि खाली ओळ नाही. मला वाटलं, गिऱ्हाईक मॅटर द्यायला विसरलंय. शेजारच्या गावांची पानं पाहिली तर त्यांचीही तीच गत. एकच साचा, नाव तेवढं बदललेलं. आमच्या पत्रिकांसारखंच की.

पानाच्या वर 'संपादन' लिहिलेलं असतं. ते मी आधीही पाहिलं होतं, पण ते आपल्याला म्हटलेलं आहे हे डोक्यात शिरलं नव्हतं. त्या रात्री शिरलं. गावाच्या नावातली एक वेलांटी चुकली होती ती दुरुस्त केली आणि 'बदल प्रकाशित करा' दाबलं. प्रूफ नाही, सही नाही, थेट छापून मोकळं. छातीत जरा धडधडलंच. खातं उघडलेलं नव्हतं, त्यामुळे पानाच्या इतिहासात माझ्या नावाच्या जागी नुसते आकडे आले. तेही बरंच वाटलं. चूक निघाली तर निदान दुकानापर्यंत कोणी येणार नाही.

पुढे खातं काढलं आणि फिरत फिरत लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर पोचलो. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: मोट म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी वर काढायची चामड्याची मोठी पिशवी. साताऱ्याहून पुण्याकडे निघालं की हायवेला लिंब फाटा लागतो, तिथून आत. विहीर अष्टकोनी, वरून पाहिली तर एकूण आकार शिवलिंगासारखा, आणि विहिरीच्या पोटातच बांधलेला एक छोटा महाल. माझी आत्या तिथून जवळच्या वाडीत दिलेली, त्यामुळे लहानपणी दर उन्हाळ्यात आमचा मुक्काम त्या भागात असायचा. विहीर म्हणजे आमची घरचीच, असा माझा समज.

आणि त्या घरच्या विहिरीबद्दल कोणीतरी लिहून ठेवलं होतं की वीरूबाई भोसले यांनी केलेलं तिचं बांधकाम इ.स. १६४१ ते १६४६ या काळातलं. मी ते दोनदा वाचलं. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, म्हणजे तेव्हा महाराज दहा-अकरा वर्षांचे. त्या काळात इथे भोसल्यांच्या घरातली बाई एवढी विहीर कशी बांधेल? मग लक्षात आलं. विहिरीवरच्या शिलालेखातला आकडा शक आहे. लिहिणाऱ्याने 'शके' गाळून 'इ.स.' चिकटवलं होतं. शके आम्ही पत्रिकांवर रोज टाईप करतो, त्यामुळे एवढं गणित मला येतं. १६४१ मध्ये ७८ मिळवा, १७१९. १६४६ मध्ये मिळवा, १७२४. म्हणजे शाहू महाराजांची कारकीर्द, १७०८ ते १७४९ च्या मधली. वीरूबाई भोसले यांनी विहीर बांधली ती तेव्हा. सगळं जागेवर बसलं.

पण दुसऱ्याचं मॅटर बदलायचं? बावचळून मी खुर्चीत मागे झालो. लिहिणारा कोण, कुठला, त्याची सही नाही काही नाही. पाणी पिऊन आलो आणि बदललं. सारांशाच्या चौकटीत लिहिलं, 'शक होता, इ.स. केला होता, ७८ मिळवले.' दुसऱ्या दिवशी त्या मूळ लिहिणाऱ्याचा निरोप आला. मला वाटलं भांडण. तर लिहिलं होतं, 'धन्यवाद, माझ्या लक्षातच आलं नाही.' वीस वर्षांच्या धंद्यात एकाही गिऱ्हाईकाने असं म्हटलेलं मला आठवत नाही.

इथे मला जोर चढला, आणि जोर चढला की माणूस माती खातो.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका मी टाईप केली होती. तिच्यात एका निवृत्त गुरुजींचा या विहिरीवर दोन पानी लेख होता. फाईल माझ्याकडे होतीच. श्री-लिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधली असल्याने आजच्या युनिकोड पद्धतीत उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. कन्व्हर्टरमधून काढली, जोडाक्षरं हाताने नीट केली, त्यात दोन रात्री गेल्या. मग अख्खा लेख उचलून पानावर ठेवला. पान कसं भरल्यासारखं दिसायला लागलं. सकाळी चहा घेत उघडलं तर सगळं गायब. चर्चा पानावर पुण्याच्या एका बाईंचा निरोप: हा मजकूर इतरत्र प्रसिद्ध झालेला दिसतो, प्रताधिकाराचा भंग होतो, म्हणून काढला आहे, गैरसमज नसावा.

मी तावातावाने उत्तर लिहिलं. 'हे मॅटर माझंच आहे. मी स्वतः टाईप केलेलं आहे.'

हे मी खरोखर लिहिलं. अजून तिथे इतिहासात आहे, कोणालाही वाचता येतं. बाईंनी हसं केलं नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, 'टाईप आपण केलंत, पण लिहिलं कोणी?'

गुरुजी गोडोलीत राहतात. बाईंनी सांगितलं होतं की लेखकाने स्वतः मोकळ्या परवान्यावर मजकूर दिला तर वापरता येईल, म्हणून मी गेलो. समोर काचेच्या कपाटात मराठी विश्वकोशाचे खंड ओळीने. मी परवाना समजावून सांगायला लागलो. "म्हणजे कोणीही वापरणार?" हो. "बदलणार?" हो. "विकणारसुद्धा?" हो गुरुजी, पण तुमचं नाव द्यावं लागेल आणि पुढच्यालाही ते तसंच मोकळं ठेवावं लागेल. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "लेख काही मी देत नाही. माझी वाक्यं आहेत ती, कोणी येऊन त्यांची मोडतोड करावी हे मला जमणार नाही. पण त्यातली माहिती घे की! ती काय माझ्या बापाची आहे?"

पुढे प्रताधिकाराबद्दल मी पुष्कळ पानं वाचली. गुरुजींपेक्षा सोपं कोणी सांगितलेलं नाही.

तर आता माहिती होती आणि वाक्यं आपली आपण करायची होती. इथे माझी पंचाईत झाली. दुसऱ्यांची वाक्यं मी लाखोंनी टाईप केली असतील, स्वतःचं एक वाक्य शाळा सुटल्यावर केलेलं नव्हतं. एक पूर्ण संध्याकाळ खर्चून सात ओळी लिहिल्या. आता वाचून हसू येतं. 'भव्यदिव्य', 'नयनरम्य', 'वास्तुकलेचा अद्वितीय अविष्कार'. फ्लेक्सची भाषा, दुसरं काय येणार? बाईंनी सातातल्या चार ओळी ठेवल्या आणि विशेषणं एकजात काढली. वर, 'आविष्कार' मधला 'आ' दीर्घ असतो हेही कळवलं, ते जरा लागलं. मी विचारलं, भव्य आहे तर भव्य लिहायला काय हरकत? उत्तर आलं, 'ज्ञानकोशात विहीर भव्य नसते, एकशे दहा फूट खोल असते.'

ते एकशे दहा फूटसुद्धा पुढे वादात सापडलं. खोली ११० फूट, व्यास ५० फूट, हे आकडे जिथे पाहावं तिथे सापडतात. एकाचं म्हणणं, इतक्या ठिकाणी आहे म्हणजे पक्कं. इथे मात्र माझा धंदा कामी आला. दुकानात झेरॉक्स मशीन आहे. एका कागदाच्या दहा प्रती काढल्या म्हणून दहा कागद होत नाहीत. मी त्या सगळ्या लेखांमधला मजकूर शेजारी शेजारी लावून पाहिला. वाक्यांचा क्रम तोच, आणि एका ठिकाणची ऱ्हस्व-दीर्घाची चूकही तीच. चूक जुळली की समजावं, मूळ प्रत एकच आहे. खरी माहिती दोघांना वेगवेगळी सापडू शकते, पण तीच चूक दोघांना वेगवेगळी सुचत नाही. हे चर्चा पानावर लिहिलं तेव्हा बाईंनी 'उत्तम' असा एकच शब्द टाकला. तो दिवस छान गेला.

मुख्य लढाई झाली ती मोटांवरून. नाव बारा मोटेची विहीर. पण काही ठिकाणी छापलंय की मोटा लावायच्या जागा पंधरा आहेत. मग लिहायचं काय? या वादात समोर एक मुलगा होता. मुलगा म्हणतो, पण तेव्हा मला वय ठाऊक नव्हतं. त्याच्या सदस्यनावात अर्धे आकडेच, म्हणून मी मनात त्याला आकडेवाला म्हणायचो. मी 'बारा' केलं की तो 'पंधरा' करायचा. त्याने 'पंधरा' केलं की मी 'बारा'. तीन दिवस हा खेळ चालला. शेवटी मी म्हटलं, हात दाखवून अवलक्षण नको, जाऊन मोजूनच येऊ. टाळेबंदी सैल झाल्यावर एका शनिवारी मेव्हण्याला गाडीवर मागे बसवलं आणि लिंबला गेलो. मोजलं. फोटो काढले. रात्री ऐटीत लिहिलं, 'मी स्वतः जाऊन मोजून आलो आहे.'

आकडेवाल्याचं उत्तर: 'काका, तुम्ही मोजलेलं चालत नाही. कुठे छापलंय ते दाखवा.'

काका! आणि वर चालत नाही! माझ्या घरची विहीर, माझे डोळे, माझं पेट्रोल. दोन दिवस मी ते पान उघडलं नाही. बायको म्हणाली, कोणी पैसे देत नाही, कोणी ओळखत नाही, मग रुसता कोणावर? खरं सांगायचं तर मोजताना माझं आणि मेव्हण्याचंच जमलं नव्हतं. एक खाच तो मोटेची धरत होता आणि मी नाही. दोघंही तिथे उभे असताना ही तऱ्हा, तर न पाहिलेल्याने माझ्यावर विश्वास का ठेवावा? पण हे मला तिसऱ्या दिवशी पटलं. पहिल्या दिवशी कोण असं म्हणतं? (किती मोजल्या ते इथेही सांगत नाही. आता तशी खोडच लागली आहे.)

अखेर वाक्य ठरलं ते असं, की विहीर 'बारा मोटेची विहीर' या नावाने ओळखली जाते, काही लेखकांच्या मते मोटांच्या जागा पंधरा आहेत, आणि दोन्हीपुढे आपापला संदर्भ. एका वाक्याला अकरा दिवस लागले. एवढ्यात लग्नसराईत माझ्या दीडशे पत्रिका निघतात. पण त्या वाक्याला आजवर कोणी हात लावलेला नाही. आकडेवाला पुढे मला काकाच म्हणत राहिला आणि मी त्याला बाळा म्हणायला लागलो. तो कऱ्हाडला इंजिनिअरिंगला होता. एकदा परीक्षेच्या दिवसांत रात्री दीडला तो धरणांच्या पानांवर काम करताना दिसला, तेव्हा मी त्याच्या चर्चा पानावर 'बाळा, झोप आता' असं लिहिलं. ते ज्ञानकोशाच्या धोरणात बसतं का नाही, देव जाणे.

यावरून आठवलं. सुरुवातीला एक सदस्य रोज मध्यरात्री येऊन माझ्या लेखांमधलं बारीकसारीक दुरुस्त करून जायचा. कुठे जास्तीची जागा, कुठे वर्ग, कुठे साचा. इतका निःस्वार्थी माणूस मी पाहिला नव्हता. मी त्याला निरोप ठेवला, 'आपण रात्री दोन-तीनला काम करता, तब्येतीची काळजी घ्यावी.' उत्तर नाही. आठवड्याने दुसऱ्याच कोणीतरी कळवलं की तो सांगकाम्या आहे. सांगकाम्या म्हणजे बॉट, कोणीतरी लिहून ठेवलेला प्रोग्रॅम. मराठी विकिपीडियावर असे शब्द फार गोड आहेत. सरावासाठी जिथे वाटेल ते लिहून पुसता येतं ती 'धूळपाटी', सगळ्यांनी बसून वाद घालायची जागा म्हणजे 'चावडी'. २००३ च्या महाराष्ट्र दिनी हा सगळा कारभार सुरू झाला म्हणतात. हे शब्द ज्यांनी घातले त्यांना एकदा दुकानात बोलावून चहा पाजावासा वाटतो. सही मात्र चार नागमोडी रेघांनी करायची. ती रेघ कीबोर्डवर कुठे आहे हे शोधायला मला, मला!, दहा मिनिटं लागली.

त्या सांगकाम्यामुळेच ऱ्याचं प्रकरण समजलं. हे जरा कीस काढणारं आहे, कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडा.

'साताऱ्यात' मधला ऱ्या दोन पद्धतींनी टाईप होतो. एकात साधा र, हलंत, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. दुसऱ्यात टिंबवाला ऱ, हलंत आणि य. पडद्यावर दोन्ही बहुधा सारखेच दिसतात, जुळ्या भावांसारखे. पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं सापडत नाही. आमच्या जिल्ह्याचं नाव सामान्यरूपात आलं की हा घोळ आलाच: साताऱ्याचा, साताऱ्याहून, साताऱ्याला. मी एकदा 'साताऱ्यातील' म्हणून शोधलं आणि जी पानं मी स्वतः पाहिली होती तीच मिळेनात. वाटलं कोणीतरी काढून टाकली. मग अक्षरं सुटी करून पाहिली तेव्हा कळलं.

आणि ते अदृश्य चिन्ह नकलताना गळलं तर संपलंच. ऱ्याचा रफार होतो. दऱ्यांचा दर्या होतो. दुकानात एकदा केटरिंगवाल्याचं बिल टाईप करताना आमच्या पोरीने 'आचाऱ्यांची मजुरी'चं 'आचार्यांची मजुरी' केलं होतं. गिऱ्हाईकाने सही करून नेलं, मॅटर जसं आलं तसं, पण ते बिल पाहून मी आठवडाभर हसत होतो. या विषयावर चावडीवर मी जेवढं लिहिलं तेवढं आयुष्यात कशावर लिहिलं नसेल. तिथे पहिल्यांदा मला कोणीतरी 'जाणकार' म्हटलं.

बाकी भांडणंही पाहिली. वाळव्याकडच्या एका गावाच्या पानावर दोघंजण सातारा की सांगली यावरून हमरीतुमरीवर आले होते. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडे मच्छिंद्र आज सांगली जिल्ह्यात, आणि त्यांचं प्रतिसरकार मात्र साताऱ्याचं. दोघंही बरोबर होते. १९४९ ला साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा काढला आणि १९६० ला त्याचंच नाव सांगली झालं. १८८५ च्या सातारा गॅझेटिअरमध्ये वाळवा, तासगाव, खानापूर सगळे आमच्यातच आहेत. 'तत्कालीन सातारा जिल्हा' एवढे तीन शब्द घातल्यावर वाद मिटला. मिटला म्हणजे दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं.

गुरुजींच्या कपाटातले विश्वकोशाचे खंड पुढे मी बरेच वापरले. ते तयार झाले ते आमच्याच जिल्ह्यात, वाईला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ चा आणि विसावा निघाला २०१५ ला. त्यात प्रत्येक नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं. गुरुजी ते नाव आधी पाहतात, मग नोंद वाचतात. मी त्यांना आमच्या विहिरीचं पान मोबाईलवर दाखवलं तर पहिला प्रश्न तोच, "लिहिलंय कोणी?" मी 'इतिहास' उघडून दाखवला. एकाखाली एक नावं, तारखा, वेळ, कोणी किती अक्षरं घातली, किती काढली. मधेच नुसते आकडे, मधेच सांगकाम्या. गुरुजी बराच वेळ अंगठ्याने वर सारत राहिले. म्हणाले, "ही तर तलाठ्याच्या दप्तरातली फेरफार नोंदवही आहे." आता मी नवीन कोणाला समजावताना हेच सांगतो. पान म्हणजे सातबारा आणि इतिहास म्हणजे फेरफार. साताऱ्यात कोणालाही पाच सेकंदांत कळतं.

आता आत्याबद्दल. तिचं वय ऐंशीच्या पुढे आहे. तिच्या सासरी मोट होती, पुढे इंजिन आलं आणि मोट गोठ्याच्या माळ्यावर गेली. विहिरीचं पान लिहिताना मला जाणवलं की मोटेचं नाव सगळे घेतात पण मोट चालायची कशी हे त्या पानावर कुठेच नाही. म्हणून एका रविवारी तिच्याकडे जाऊन बसलो. ती सांगत होती आणि मी वहीत उतरवून घेत होतो, नेहमीसारखं, जसं आलं तसं. बैल उताराने चालत जातात ती धाव. मोटेच्या तोंडाला जाड दोर तो नाडा. मोटेला खाली सोंड असते, तिचा दोर तो सोंदूर. वर आल्यावर सोंदूर आवळलेला राहतो, नाडा ओढला जातो, आणि सोंडेतून पाणी पडतं ते थारोळ्यात. तिथून पाटाला. "सोंदूर धरायची अक्कल न्हाय त्याला मोट हाकाय लावू ने," हेही तिने सांगितलं. ते मी पानावर घातलं नाही.

थारोळं! मी हा शब्द शेकडो वेळा टाईप केलाय, पण तो 'रक्ताच्या थारोळ्यात' एवढाच. तो विहिरीवरचा दगडी हौद आहे आणि त्यात स्वच्छ पाणी पडायचं, हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं.

आनंदाने हे सगळं लिहिलं. तासाभरात प्रत्येक वाक्याच्या शेपटाला कंस: 'संदर्भ हवा'. मी लिहिलं, संदर्भ माझी आत्या. बाई म्हणाल्या, आपल्या आत्यांबद्दल आदर आहे, पण त्या प्रकाशित नाहीत. या वेळी मात्र मी रुसलो नाही, शोधायला लागलो. आणि सापडलं कुठे, तर मोल्सवर्थ या इंग्रज साहेबाच्या मराठी-इंग्रजी कोशात, १८५७ च्या आवृत्तीत. मोट, नाडा, थारोळें, सगळं तिथे होतं, जुन्या अनुस्वारांसकट. संदर्भ लागले, 'संदर्भ हवा' निघालं, बाईंनी आभार मानले.

मला मात्र त्या रात्री झोप येईना. साहेबाने तरी हे शब्द कुठून आणले? त्याच्या हाताखालच्या शास्त्र्यांनी कोणाला तरी विचारूनच ना? कुठल्यातरी धावेवर उभ्या असलेल्या कोणाच्या तरी आत्याला, मामाला. तिचं नाव नाही, त्याचं आहे, म्हणून ते चालतं. हे मी चर्चा पानावर लिहायला घेतलं होतं. मग पुसलं, कारण त्याच रविवारी, मी निघताना, आत्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती. विहिरीतल्या महालातून एक भुयार निघतं आणि थेट अजिंक्यताऱ्यावर जातं. घोडेस्वार जाईल एवढं. तिच्या सासऱ्यांनी पाहिलेलं. आता आमच्याकडे प्रत्येक गडाला, प्रत्येक देवळाला आणि दर दोन विहिरींमागे एकीला भुयार असतंच, आणि प्रत्येकाच्या सासऱ्याने ते पाहिलेलं असतं. सोंदूर सांगणारी आत्या तीच आणि भुयार सांगणारीही तीच, सांगतानाचा आवाजही अगदी तोच. कुठे थांबायचं हे तिच्या आवाजावरून कसं कळणार?

गेल्या महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. पान मोबाईलवर उघडलं आणि तिला मोठ्याने वाचून दाखवलं. धाव, नाडा, सोंड, सोंदूर, थारोळं. म्हटलं, "आत्या, हे तू सांगितलेलं. आता जगात कुठूनही कोणालाही वाचता येतं."

ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्यात काय हाय वाचण्यासारकं? हे समद्यास्नी ठावं हाय."

आणि मग, एक शेंग हातात तशीच धरून, "भुयाराचं लिवलंस का?"

"नाही."

"मग लिवलंस तरी काय?"